‘गोळी मीच झाडली, पण…’

पिस्तूल, गोळी आणि मृतदेह एवढे समोर आले की आपले मन लगेच खुनी शोधू लागते. ही सवय रहस्यकथांनी लावली आहे. नळीच्या आतल्या पीळदार खाचांचे ओरखडे गोळीवर उमटतात, सूक्ष्मदर्शकाखाली ते जुळवले जातात आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्यातला तज्ज्ञ सांगतो, ही गोळी याच पिस्तुलातून सुटली. स्वसंरक्षणाच्या खटल्यात या खटाटोपाची फारशी गरज पडत नाही. गोळी मीच झाडली, हे आरोपी पहिल्याच दिवशी सांगून मोकळा झालेला असतो. भांडण असते ते त्यापुढच्या ‘पण’चे. समोरचा अंगावर आला होता का, किती जवळ होता, झटापट चालू होती की तो मागे सरत होता, आणि त्या घटकेला आरोपीला जिवाची भीती वाटणे रास्त होते का? यांतल्या काही प्रश्नांना बंदुकीची दारू, कापडाचे भोक आणि जखमेची दिशा फार नेमके उत्तर देतात. काहींना अजिबात देत नाहीत. हा फरक न्यायालयात आणि वर्तमानपत्रात सारखाच विसरला जातो, आणि मग पुराव्याकडून जे त्याला ठाऊकच नाही ते वदवून घेतले जाते. गोळीचा पुरावा गोष्ट रचत नाही, समोर ठेवलेल्या गोष्टी तपासतो आणि त्यांतल्या काही खोडून काढतो. त्याचे बळ एवढेच आहे, आणि ते कमी नाही.

आधी नळीच्या तोंडातून काय बाहेर पडते ते पाहू. गोळीबरोबर तापलेला वायू येतो, काजळी येते, दारूचे जळलेले आणि अर्धवट जळलेले कण येतात. हे सगळे हवेत झपाट्याने पसरते आणि तेवढ्याच झपाट्याने वेग गमावते. नळी अंगाला टेकवून चाप ओढला तर बहुतेक सारे जखमेच्या आत जाते. काही इंच अंतर असेल तर भोकाभोवती काजळी बसते. त्याहून दूर, साधारण दोन-तीन फुटांपर्यंत, काजळी पोहोचत नाही, पण दारूचे कण कातडीत घुसून गोंदल्यासारखे बारीक लाल-तपकिरी ठिपके उठवतात. त्यापलीकडे फक्त गोळीचे भोक आणि त्याच्या कडेचा ओरखडा उरतो, आणि तिथून पुढे पाच फूट की पन्नास फूट, हे जखमेवरून सांगता येत नाही. ही अंतरे सगळ्या शस्त्रांना सारखी लागू होत नाहीत. नळीची लांबी, दारूचा प्रकार, कणांचा आकार यांनी ती बदलतात. म्हणून प्रयोगशाळेत तेच शस्त्र आणि त्याच बनावटीची काडतुसे घेऊन वेगवेगळ्या अंतरांवरून कापडावर गोळ्या झाडतात आणि त्या ठशांशी मूळ ठसा ताडून पाहतात. मध्ये कपडा असला तर ठिपके कातडीवर न उमटता कपड्यावर उमटतात. म्हणून अंगावरचा शर्ट हा मृतदेहाइतकाच मोलाचा पुरावा असतो.

शर्टाचे हे मोल फ्लोरिडातल्या सॅनफर्डच्या खटल्याइतके दुसरीकडे क्वचितच दिसले असेल. 26 फेब्रुवारी 2012 च्या रात्री जॉर्ज झिमरमन या वस्तीरक्षक स्वयंसेवकाने ट्रेव्हॉन मार्टिन या 17 वर्षांच्या निःशस्त्र कृष्णवर्णीय मुलावर 9 मिलिमीटर पिस्तुलातून एकच गोळी झाडली. मुलगा जागीच गेला. त्याने मला खाली पाडले, तो अंगावर बसून डोके फरशीवर आपटत होता, म्हणून गोळी झाडली, असे झिमरमनचे म्हणणे. देशभर मोर्चे निघाले, वर्णद्वेषाचा प्रश्न ऐरणीवर आला. खटल्यात मात्र पुराव्याचा एक विचित्र तपशील पुढे आला. मुलाच्या टोपीवाल्या स्वेटशर्टावरचे भोक सांगत होते की नळी कापडाला टेकलेली होती. छातीवरच्या जखमेभोवती मात्र दोन इंच लांबी-रुंदीच्या भागात दारूच्या कणांचे ठिपके होते, म्हणजे नळी कातडीपासून थोडी दूर होती. नळी कापडाला टेकलेली आणि कातडीपासून दूर, हे दोन्ही एकाच वेळी खरे कसे? बचाव पक्षातर्फे आलेले न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. व्हिन्सेंट डी मायो यांनी सांगितले की कापड त्या क्षणी अंगाला चिकटलेले नव्हते, दोन ते चार इंच सुटलेले होते. उताणे पडलेल्या माणसाचा शर्ट छातीवर बसतो, पुढे वाकलेल्याचा खाली लोंबतो. शिवाय स्वेटशर्टाच्या पुढच्या खिशात सरबताचा भरलेला डबा होता, त्याच्या वजनाने कापड आणखी ओढले गेले असणार. मुलगा वरून वाकलेला होता या झिमरमनच्या म्हणण्याशी हे जुळत होते.

ज्यूरीने 13 जुलै 2013 रोजी झिमरमनला निर्दोष ठरवले, आणि विज्ञानानेच त्याला सोडवले असे पुष्कळांनी म्हटले. ते खरे नाही. डी मायो यांनी उलटतपासणीत कबूल केले की मुलगा सुटून मागे सरत असतानाही कापड असेच ताणले जाऊ शकले असते. म्हणजे त्या पुराव्याने एक गोष्ट पक्की खोडली: लांबून नेम धरून गोळी मारली, ही. जवळच्या झटापटीच्या दोन गोष्टी मात्र त्याने तशाच उभ्या ठेवल्या. आणि ज्या प्रश्नावर अमेरिका पेटली होती, की गाडीतून उतरून त्या मुलाचा माग कोणी काढला, पहिला हात कोणी उगारला, त्याबद्दल काजळीचा एक कणही बोलला नाही. बोलूही शकत नव्हता. निकाल लागला तो या मौनाचा भार कोणी सोसायचा यावर. फ्लोरिडाच्या तेव्हाच्या कायद्याप्रमाणे स्वसंरक्षणाचा दावा पुढे आल्यावर तो खोटा आहे, हे संशयाला जागा न ठेवता सिद्ध करणे सरकार पक्षाचे काम होते. पुरावा दोन्हीकडे झुकू शकत असेल तर आरोपी सुटणार, हे ओघानेच आले. भारतात ओझे उलट बाजूला असते. भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम 105, म्हणजे आजच्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम 108, सांगते की अपवादाचा आधार घेणाऱ्याने तो सिद्ध करावा. संशयाला जागाच उरू नये इतका पुरावा त्याच्याकडून मागितला जात नाही, त्याचे म्हणणे अधिक संभाव्य ठरले तरी पुरते. तरीही तोच शर्ट, तेच ठिपके इथल्या न्यायालयात वेगळ्या तागडीत पडले असते.

आपल्याकडे हे ओझे सर्वांत गाजलेल्या रीतीने दिसले ते नानावटी खटल्यात. त्यात दावा स्वसंरक्षणाचा नव्हता, झटापटीत अपघाताने गोळ्या सुटल्याचा होता. पण पुराव्यापुढचा पेच अगदी तोच होता. 27 एप्रिल 1959 रोजी नौदलातले कमांडर कावस नानावटी यांनी आयएनएस मैसूर या आपल्या युद्धनौकेवरून खोटे कारण सांगून रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसे घेतली. नेपियन सी रोडजवळच्या फ्लॅटमध्ये ते पत्नीच्या प्रियकराकडे, प्रेम आहुजाकडे गेले. काही क्षणांत आहुजा न्हाणीघरात मरून पडला होता. रिव्हॉल्व्हरचा लिफाफा मी कपाटावर ठेवला होता, आहुजाने त्यावर झडप घातली, मी आधी रिव्हॉल्व्हर उचलले आणि ओढाताणीत गोळ्या सुटल्या, असे नानावटींचे म्हणणे. मुंबईच्या सत्र न्यायालयातल्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने ते मानले. निकाल पटण्याजोगा नाही म्हणून न्यायाधीशांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे धाडले. तिथे शिक्षा झाली आणि 24 नोव्हेंबर 1961 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. चित्रपटांनी या कथेतला प्रेमत्रिकोण उचलला. न्यायालयाने ज्या गोष्टींवर भर दिला त्या पडद्यावर फारशा शोभत नाहीत: एक टॉवेल, डाव्या हाताची बोटे, आणि डोक्याची व छातीची जखम. आहुजा नुकताच अंघोळ करून आला होता. दोन तगडे पुरुष शस्त्रासाठी झोंबत असताना कमरेचा टॉवेल न सुटता, न ढळता जागेवर राहील का, हा प्रश्न प्रयोगशाळेतला नव्हे, पण त्याचे वजन एखाद्या चाचणीहून कमी नव्हते.

बोटांची गोष्ट अधिक अवघड. डाव्या हाताच्या दोन बोटांवर काजळीसह ठिपके होते, म्हणजे नळी फार जवळ होती. बचाव पक्षाला त्यात झटापट दिसणार, कारण हात शस्त्रापाशी असल्याखेरीज काजळी बोटांवर कशी बसेल? फिर्यादी पक्षाला त्यातच वार अडवायला पुढे केलेला हात दिसणार. खून होताना माणूस पहिल्यांदा हातच पुढे करतो. एकच खूण, दोन्ही अर्थ प्रामाणिक. शवविच्छेदन करणारे पोलीस सर्जन डॉ. झाला एका बाजूला आणि मुंबईचे नामांकित शल्यविशारद डॉ. बाळिगा बचावाच्या बाजूला, असा सामना झाला. न्यायालयाने ज्यांनी मृतदेह स्वतः तपासला होता त्यांच्या मताला अधिक वजन दिले आणि मुख्य जखमा अंगाला अंग भिडलेल्या झटापटीशी मुळीच जुळत नाहीत, असा निष्कर्ष काढला. इथे रिव्हॉल्व्हरची घडणही ध्यानात घ्यायला हवी. त्यातून एक चाप ओढल्यावर एकच गोळी सुटते. दुसरीसाठी चाप सोडून पुन्हा ओढावा लागतो, आणि घोडा चढवलेला नसेल तर तो ओढायला चांगला जोर लागतो, कारण त्याच हालचालीत काडतुसांचे चक्रही फिरते. कोणी ते चक्र मुठीत घट्ट धरले तर ते फिरत नाही आणि गोळी सुटत नाही. ओढाताणीत एकदा चाप दाबला जाणे शक्य कोटीतले आहे. लागोपाठ अनेकदा दाबला जाणे हा योगायोग दर खेपेस महाग होत जातो. नानावटींना जन्मठेप झाली आणि 1964 मध्ये राज्यपालांनी त्यांना माफी दिली. ती माफी पुराव्याला उत्तर नव्हती, लोकभावनेची बूज होती.

आता एक आक्षेप. गोळ्यांची संख्या अशी आरोपीच्या गळ्याशी येत असेल, तर दोन-तीन गोळ्या झाडणारा प्रत्येक जण खुनीच ठरायचा. स्वसंरक्षणात एक गोळी पुरे की. आणि पाठीत गोळी लागली असेल तर बोलायलाच नको. हा समज शरीरशास्त्र आणि पदार्थविज्ञान या दोन्हींच्या विरुद्ध आहे. चित्रपटात गोळी लागलेला माणूस मागे उडून पडतो. 9 मिलिमीटरच्या सुमारे 8 ग्रॅमच्या गोळीला सेकंदाला 350 मीटर वेग धरला आणि ती 70 किलोच्या माणसाच्या अंगात रुतून बसली असे मानले, तर त्या माणसाला मिळणारा वेग सेकंदाला चार सेंटिमीटर. तेवढ्याने माणूस डगमगतही नाही. पिस्तुलाची गोळी माणसाला थांबवते ती मेंदू किंवा मज्जारज्जू भेदला तर, नाहीतर रक्त वाहून जाऊन. हृदय फाटले तरी मेंदूतल्या प्राणवायूवर दहा-पंधरा सेकंद माणूस धावू शकतो, वार करू शकतो. तेवढ्या वेळात घाबरलेला माणूस अनेकदा चाप ओढेल. पाठीतली जखमही अशीच सावधपणे वाचावी लागते. समोरचा वळला हे डोळ्यांना दिसून बोट थांबेपर्यंत काही दशांश सेकंद जातात, आणि तेवढ्यात शरीर अर्धे वळून जाते. म्हणून छातीवर रोखलेली गोळी बगलेत किंवा पाठीत शिरू शकते. पण याच युक्तिवादाचा फायदा उठवणारेही असतात, आणि त्यांना पुरावाच अडवतो. पडलेल्या माणसाच्या आरपार गेलेली गोळी खालच्या फरशीत शिरली असेल, जखमेची बाहेरची बाजू कठीण पृष्ठभागावर दाबली गेल्याची खूण असेल, तर ‘बोट थांबले नाही’ हे स्पष्टीकरण तिथे संपते. संख्या आणि बाजू यांना एकट्याने अर्थ नाही. जागा, कोन, अंतर यांच्या सोबतीने तो येतो.

मग आरोपीच्या जबानीचे काय? ती पुराव्याशी जुळली नाही की तो खोटारडा, असा आपला सरळ हिशेब असतो. न्यूयॉर्कच्या बर्नहार्ड गेट्झच्या खटल्याने तो हिशेब उलटा करून दाखवला. 22 डिसेंबर 1984 रोजी भुयारी रेल्वेत चार तरुणांनी पैसे मागितले तेव्हा त्याने पाच गोळ्यांच्या रिव्हॉल्व्हरमधून पाचही झाडल्या. चौघे जखमी झाले, त्यातला एक कायमचा अधू झाला. नंतर स्वतः पोलिसांपुढे हजर होऊन गेट्झने जे सांगितले ते ऐकून कोणाचाही श्वास अडकावा. बसलेल्या एका तरुणाला तू ठीक दिसतोस असे म्हणत आपण आणखी एक गोळी मारली, असा त्या कबुलीचा आशय होता. ही जबानी खरी धरली तर स्वसंरक्षण तिथेच संपते. पण बऱ्याच प्रवाशांनी गोळ्या लागोपाठ, खंड न पडता ऐकल्या होत्या. शहराचे माजी मुख्य वैद्यकीय परीक्षक डॉ. डॉमिनिक डी मायो, सॅनफर्डला साक्ष देणाऱ्या व्हिन्सेंट यांचे वडील, यांनी त्या तरुणाच्या शरीरातला गोळीचा मार्ग उभ्या माणसाशी जुळतो असे सांगितले. ज्यूरीने गेट्झला खुनाच्या प्रयत्नातून सोडले, बेकायदा शस्त्र बाळगल्याबद्दल दोषी ठरवले. 1996 मध्ये दिवाणी ज्यूरीने मात्र त्या अधू तरुणाला चार कोटी तीस लाख डॉलरची भरपाई द्यायला लावली. मला यातून गेट्झ निरपराध होता असे म्हणायचे नाही. त्या डब्यात त्याने जे केले ते भीतीपेक्षा संतापाने केले असावे, असेच माझे मत आहे. पण हादरलेल्या माणसाची आठवण स्वतःविरुद्धही चुकू शकते, आणि तेव्हा शरीरातला गोळीचा मार्ग त्याच्या कबुलीपेक्षा भरवशाचा ठरतो, हे मानावेच लागते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीशी संलग्न संशोधन परिषदेने 2009 मध्ये आणि राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान सल्लागार मंडळाने 2016 मध्ये बंदुकीच्या पुराव्याचा पायाच तपासला. गोळीवरचे ओरखडे जुळवताना तज्ज्ञ जी खात्री सांगतो तिला पुरेशा काटेकोर चाचण्यांचा आधार नाही, असे त्यांनी म्हटले. ही टीका रास्त आहे. पण तिचा रोख ‘कोणत्या शस्त्रातून’ या प्रश्नावर आहे, आणि स्वसंरक्षणाच्या खटल्यात तो प्रश्न बहुधा वादातच नसतो. अंतराचा अंदाज वेगळ्या पायावर उभा आहे. तेच शस्त्र, तीच काडतुसे घेऊन तो पुन्हा पुन्हा तपासता येतो आणि दोन अंतरांच्या मध्ये मांडता येतो. हातावर सापडणाऱ्या शिसे, बेरियम, अँटिमनीच्या कणांबाबत मात्र मी साशंक आहे. ते हात धुतल्याने जातात, पोलिसाच्या गाडीत किंवा बेड्यांवरून दुसऱ्याच्या हातावर येतात, आणि झटापटीत दोघांच्याही हातावर बसतात. रिकाम्या पुंगळ्यांचेही तसेच. पिस्तूल त्या साधारण उजवीकडे फेकते, पण पकड बदलली, फरशीवर उसळी बसली, कोणाचा पाय लागला की जागा बदलते. पुंगळी कुठे पडली यावरून आरोपी कुठे उभा होता हे फुटांत सांगणाऱ्या तज्ज्ञावर न्यायालयाने विश्वास ठेवू नये.

आपल्याकडची अडचण विज्ञानाआधी सुरू होते. महाराष्ट्रात असा मुद्देमाल कलिन्यातल्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी जातो. तिथे पोहोचेपर्यंत त्याचे काय होते, यावर सारे अवलंबून असते. शस्त्र परवान्याचे .32 रिव्हॉल्व्हर असेल तर चाचणी सोपी. गावठी कट्टा असेल तर खाचा नसलेल्या, सैल बसलेल्या नळीतून वायू कुठूनही निसटतो आणि दर गोळीचा ठसा वेगळा पडतो, तेव्हा अंतराचा अंदाज ढोबळच राहतो. दवाखान्यात जीव वाचवण्याच्या घाईत शर्ट कापला जातो, आणि कात्री नेमकी भोकातून फिरते. सॅनफर्डमध्येही ओला स्वेटशर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधला गेला होता, उघडला तेव्हा तो कुजत आल्याचा वास येत होता. भारतीय न्याय संहितेची कलमे 34 ते 44 खासगी बचावाचा हक्क देतात, मृत्यूची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती असेल तर जीव घेण्यापर्यंत. ती भीती रास्त होती का, हे न्यायाधीश ठरवणार, पण माणूस चार इंचांवर होता की चार फुटांवर, हे त्यांना कळायला हवे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 176(3) ने सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे बंधनकारक केले आहे, मात्र अंमलासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत दिली आहे. ती मुदत संपायची वाट न पाहता प्रत्येक पोलीस ठाण्याने आणि सरकारी रुग्णालयाने आजच एवढे करावे: भोक वाचवून शर्ट कापावा, सावलीत वाळवून कागदात बांधावा, मृताचे आणि आरोपीचे दोघांचेही हात कागदी पिशवीत झाकावेत, आणि आरोपीच्या अंगावरच्या जखमांचे फोटो त्याच दिवशी काढावेत.